आवाज येतोय का?

गणपती आठ दिवसांवर आले की महाडच्या बाजारपेठेला ओल्या मातीचा आणि नव्या रंगीत कागदाचा मिळून एक वास येतो. सावित्री आणि गांधारी या दोघी बहिणी श्रावणातला त्रागा संपवून आपापल्या पात्रात परतलेल्या असतात आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने वाहत असतात. अशाच एका सकाळी माझा एक जुना विद्यार्थी मोटारसायकलवरून घरी आला. आता तो महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो, पण माझ्या ओटीवर चपला काढताना अजून त्याचा तोल जातो. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. ‘युरोपचे आर्थिक व राजकीय एकात्मीकरण’ या विषयावर दूरदृश्य परिसंवाद. इकडून आमचं तालुक्याचं सभागृह, मधून मुंबईतले दोनतीन प्राध्यापक आणि पडद्यापलीकडे बेल्जियममधल्या एका विद्यापीठातल्या बाई. ‘सर, तुम्ही यायलाच हवं,’ तो म्हणाला. आणि माझ्याशी खोटं बोलायची सवय नसल्यामुळे लगेच पुढचंही बोलून गेला, ‘मुलं गणपतीला गावी निघालीत. हॉल भरायचाय.’

मी पस्तीस वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. म्हणजे खरं तर इतिहास शिकवला. नागरिकशास्त्र इतिहासाच्या पुस्तकाच्या शेपटाला बांधलेलं असे आणि वर्ष संपत आलं की ते शेपूट धरून आम्ही घाईघाईने पलीकडे जात असू. युरोप मात्र माझ्या आवडीचा. लोकर कुठली, कोळसा कुठला, राइन नदी कोणकोणत्या देशांतून वाहते, हे मला महाडच्या आळ्यांपेक्षा जास्त पाठ होतं. तिथे गेलो कधी नाही. ज्याच्याकडे जायचंच नाही अशा नातेवाइकाबद्दल वाटतं तसं एक निर्धास्त प्रेम मला युरोपबद्दल वाटत आलेलं आहे.

दूरचं शिक्षण काचेतून घेण्याची माझी ही पहिली वेळ नव्हती. १५ ऑगस्ट १९८४पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाले होते. पुढे आमच्या शेजारी टीव्ही आला तेव्हा दुपारच्या वेळी पडद्यावर आधी मुंग्या दिसत आणि त्या मुंग्यांच्या वारुळातून एक गृहस्थ इंग्रजीत रसायनशास्त्र किंवा अर्थशास्त्र सांगत. शेजारच्या काकूंना त्यातलं अक्षर कळत नसे. पण त्या टीव्ही बंद करायला धजत नसत. ‘तो बिचारा इतक्या तळमळीने बोलतोय आणि आपण मधेच कान पिरगाळायचा?’ असं म्हणून त्या तांदूळ निवडत त्याच्यासमोर शेवटपर्यंत बसत. तेव्हापासून माझ्या मनात दूरशिक्षण म्हटलं की ताटातले खडे येतात.

परिसंवाद दुपारी तीनचा होता. तीन म्हणजे आमचे तीन. बाईंच्या गावी तेव्हा साडेअकरा वाजत होते. एकाच विषयावर बोलायला जमलेली निम्मी मंडळी जेवणानंतरच्या सुस्तीत आणि निम्मी जेवणाआधीच्या भुकेत होती. सभागृहात वीसपंचवीस मुलं-मुली, काही माझ्यासारखी भरतीची म्हातारी माणसं, कोपऱ्यात मागच्या गणेशोत्सवातला नाटकाचा पडदा आणि त्याच्यापुढे उभा केलेला दुसरा, पांढरा पडदा. पांढऱ्या पडद्याच्या कडेने मागच्या पडद्यावरचा राजवाडा दिसत होता. महाविद्यालयाचे शिपाई, ज्यांना प्राचार्यांपासून सगळे मामा म्हणतात, वायरींच्या गुंत्यात उकिडवे बसले होते. चेहरा असा, की सापांच्या टोपलीत चुकून हात गेलाय, पण आता काढून घेणं शोभत नाही.

मग पडद्यावर बाई उमटल्या. पांढरे केस, मागे पुस्तकांचं कपाट, खिडकीत एक कुंडी. त्यांचे ओठ हलले. माझा विद्यार्थी माइक तोंडाशी धरून म्हणाला, ‘मॅडम, आवाज येतोय का?’ मग चूक ध्यानात येऊन तेच इंग्रजीत म्हणाला. मुंबईच्या चौकटीतल्या गृहस्थांनी त्याला विचारलं, ‘माझा आवाज येतोय का?’ बाईंनी कानाकडे बोट दाखवलं. मुंबईने अंगठा दाखवला. आम्ही सगळ्यांनी हात हलवले. पुढची वीस मिनिटं तीन गावं, दोन खंड आणि एक सभागृह यांच्यात या एकाच वाक्याची देवाणघेवाण झाली. चहा आला, कप परत गेले, तरी कोणी दुसरं वाक्य उच्चारलं नाही. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण मी या पद्धतीत वाढलो आहे.

पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या कुशीत एका वाडीत माझं आजोळ. आजीचं घर एका टेपावर, तिच्या मैत्रिणीचं, भागाबाईचं, समोरच्या टेपावर. मध्ये पऱ्या. उन्हाळ्यात पऱ्या उतरून जायला पाव तास लागे आणि पावसात तो ओलांडताच येत नसे. आजी अंगणाच्या कडेला उभी राहून, हात तोंडाशी धरून हाक घाली, ‘भागेऽऽ’. मग थांबे. डोंगर ती हाक घेई, थोडी चाखून बघे आणि पलीकडे देई. काही वेळाने पलीकडून यायचं, ‘ओऽऽ’. तेवढंच. मग आजी सांगे, मीठ हवंय, म्हैस व्यालीय, मुंबईचं पत्र आलंय. पण ‘ओ’ आल्याशिवाय आजीने निरोप कधी सांगितला नाही. ‘ओ यायच्या आधी सांगितलेला निरोप पऱ्यात पडतो,’ म्हणायची. रात्रीचा नियम वेगळा. रात्री हाक आली तर लगेच ओ द्यायची नाही. तीन हाका होऊ द्यायच्या, मग द्यायची. कारण भूत एकदाच हाक मारतं, फार तर दोनदा. तिसरी हाक माणसाचीच. हे तेव्हा मी शास्त्र म्हणून पाठ केलं होतं आणि त्याचा उपयोग मला तब्बल साठ वर्षांनी त्या दुपारी झाला.

पलीकडून ओ आली आणि बाई बोलू लागल्या. त्या हळू, स्वच्छ इंग्रजीत बोलत. माझा विद्यार्थी दोन वाक्यांनंतर मराठीत सांगे. युरोपच्या एकत्र येण्याची सुरुवात झेंडा, गाणं, संसद अशा कुठल्याही देखण्या गोष्टीने झाली नाही, असं त्यांनी सांगितलं. फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शुमान यांनी ९ मे १९५० रोजी एक प्रस्ताव मांडला आणि १९५१ साली फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी मिळून केला तो कोळसा आणि पोलाद यांचा समुदाय. तोफा पोलादाच्या, भट्ट्या कोळशाच्या. हे दोन्ही सामाईक कारभाराखाली ठेवलं की लढायचं कशाने? दोन भांडखोर भावांचे कोयते तिसऱ्याच्या माळ्यावर नेऊन ठेवावेत, तसा हा विचार.

‘पोलाद’ हा शब्द माझ्या विद्यार्थ्याने उच्चारला तेव्हा मागच्या बाकांवर खसखस पिकली. तिथे पोलादपूरच्या बाजूची चारपाच मुलं बसली होती. महामार्गाने महाडहून निघालं की पोलादपूरच्या अलीकडेच लोहारे लागतं, आणि मग पोलादपूर. आधी लोखंड, मग पोलाद, असा कारखान्यातल्यासारखा शिस्तीचा क्रम; फक्त कारखाना नाही. पोलादपुरात पोलाद कधी होतं की नव्हतं याचा छडा मी नोकरीभर लावत होतो आणि दर वेळी कुणीतरी मला वडापाव खाऊ घालून परत पाठवत असे. तिथून निर्यात होतात ती माणसं. घरटी एक मुंबईला. तरी गावाने नाव टिकवून धरलंय, जसं एखाद्या अतिशय सडपातळ माणसाने पहिलवान हे आडनाव टिकवावं. बाईंनी विचारलं, सगळे का हसले? विद्यार्थ्याने समजावून सांगितलं. बाईंनी कुठलंसं पेन शोधून ‘पोलादपूर’ लिहून घेतलं आणि दोनदा उच्चारून पाहिलं. दुसऱ्यांदा त्यांना ‘द’ जमला.

पुढे २५ मार्च १९५७ चा रोमचा करार आला. त्या दिवशी दस्तऐवज वेळेत छापून झाला नव्हता. पहिलं पान, सह्यांचं पान आणि मधे कोरे कागद अशा गठ्ठ्यावर सहा देशांनी गंभीरपणे सह्या केल्या, असं सांगतात. हे ऐकून माझ्या शेजारचे निवृत्त तलाठी एकदम ताठ बसले. कोऱ्या कागदावर सही करू नये, हे त्यांनी हयातभर लोकांना सांगितलं होतं आणि लोकांनी हयातभर ऐकलं नव्हतं. आमच्या भागात कोऱ्या स्टॅम्पपेपरवरच्या सहीने कितीतरी आमराया एका घरातून दुसऱ्या घरात चालत गेल्या आहेत. ‘आणि त्यांचं टिकलं?’ तलाठीभाऊ माझ्या कानात म्हणाले. टिकलं, मी म्हटलं. ते बराच वेळ पडद्याकडे संशयाने बघत राहिले.

ब्रिटनची गोष्ट निघाली तेव्हा मला आजी आठवली. ब्रिटनने आत यायला अर्ज केला, १९६३ साली फ्रान्सच्या द गॉल यांनी नाही म्हटलं. पुन्हा केला, १९६७ साली पुन्हा नाही. तिसऱ्या खेपेला, द गॉल गेल्यावर, दार उघडलं आणि १ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन आत आलं. तीन हाका! द गॉल यांचं आजोळ पोलादपूरकडे नव्हतं, हे मला माहीत आहे. पण नियम त्यांनी तंतोतंत पाळला. एवढी खात्री करून ओ दिलेला पाहुणा पुढे २३ जून २०१६ च्या मतदानात उठून जायचं ठरवतो आणि ३१ जानेवारी २०२० च्या रात्री खरोखर जातो, यावर मात्र आजीकडेही उपाय नसता.

निघून जाण्याचा हिशेब किती अवघड झाला, हे बाई सांगू लागल्या. देणी-घेणी, निवृत्तिवेतनं, मासेमारी, आयर्लंडची सीमा. ब्रिटनने द्यायच्या रकमेचा अंदाज ३५ ते ३९ अब्ज पौंड. सभागृहातली म्हातारी माणसं आता चांगलीच जागी झाली होती, कारण विषय परराष्ट्रधोरणावरून वाटणीवर आला होता आणि वाटणी या विषयात कोकणातला माणूस पीएच.डी. घेऊनच जन्मतो. आंब्याचं झाड एकाच्या वाट्याला, त्याची सावली दुसऱ्याच्या, विहीर सामाईक पण रहाट मोठ्याचा, आणि पडवीतून जाण्यायेण्याचा हक्क मधल्याच्या बायकोला तिच्या हयातीपर्यंत. आमच्या कुटुंबाच्या सातबाऱ्यावर ४३ नावं आहेत. त्यातली काही माणसं वारली आहेत, काही बडोद्याला आहेत आणि एकाला आम्ही कुणीच ओळखत नाही. पण त्याचं नाव काढायलाही त्याची संमती लागते. युरोपच्या संघात २७ देश, २४ अधिकृत भाषा. आणि करासारख्या किंवा परराष्ट्रधोरणासारख्या विषयात आजही सगळ्यांचं एकमत लागतं, एकजण अडला की सगळं अडलं. हे ऐकून मला त्या बाईंबद्दल सख्खी भावजय असावी अशी माया वाटली. एकमताशिवाय ज्यांचं पान हलत नाही, त्या माणसांच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट थकवा असतो. तो आमच्या तलाठी कचेरीच्या बाकावर बसलेल्यांच्या चेहऱ्यावर असतो. तो ब्रसेल्सकडच्या चेहऱ्यावरही असतो, हे त्या दिवशी कळलं.

तेवढ्यात बाई थिजल्या. एक हात वर, तोंड किंचित उघडं, डोळे अर्धे मिटलेले. बाहेर पावसाची सर आली होती आणि सर आली की आमचं जगाशी असलेलं नातं पातळ होतं. थिजलेल्या त्या पांढऱ्या चेहऱ्याकडे बघताना मला गौरीचा मुखवटा आठवला. तीच ती कुणाकडेच न बघणारी प्रसन्नता. मामांनी उठून पडद्याच्या चौकटीवर हलकेच टिचकी मारली. काही झालं नाही. आमचा मुख्य वक्ता अशा रीतीने देवत्वाला पोचल्यावर माझा विद्यार्थी घाबरून माझ्याकडे वळला. ‘सर, तोवर तुम्ही दोन शब्द बोला.’

पस्तीस वर्षं शिकवलेल्या माणसाला असं म्हणू नये. मी उठलो आणि जवळची गोष्ट सांगितली. युरोप आमच्या तालुक्यात आला होता, तेही दूरदृश्य प्रणालीशिवाय, डोंगर चढून. १६७४च्या मे महिन्यात ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला येऊन पोचला. तर महाराज नव्हते. भवानीच्या दर्शनाला प्रतापगडावर गेले होते. म्हणजे आमच्या पोलादपूरच्या डोक्यावर. युरोप पाचाडला बसून राहिला. संपर्क होईना. मुलं हसली. मग गडावर बोलावणं आलं, ६ जूनचा राज्याभिषेक त्याने पाहिला, भेटी दिल्या आणि कराराची कलमं पुढे ठेवली. त्यातलं एक कलम असं की इंग्रजांचं नाणं महाराजांच्या मुलखात चालावं. बहुतेक कलमं मान्य झाली, ह्या कलमाची मात्र गरज नाही असं उत्तर मिळालं. रयतेला तोटा होईल असं नाणं घ्यायला आम्ही भाग पाडणार नाही. आणि तुमचं नाणं वजनात आणि कसात इतर राजांच्या नाण्यांसारखं खरं असेल, तर ते चालायला आमची मनाई नाही, असा त्याचा आशय. पुढे ३१८ वर्षांनी, ७ फेब्रुवारी १९९२ रोजी मास्ट्रिख्तला युरोपीय देशांनी एका नाण्याचा करार केला तेव्हा त्यांनीही कसोटी ठेवलीच. वर्षाची तूट सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ३ टक्क्यांच्या आत, कर्ज ६० टक्क्यांच्या आत. कस लागतो. दगडावर लावा नाहीतर टक्केवारीवर.

मला थांबायचं नव्हतं, म्हणून मी खाटकाचीही गोष्ट सांगितली. फ्रायर नावाच्या इंग्रज वैद्याने ती लिहून ठेवली आहे. गडावर या पाहुण्यांना बोकडाचं मटण पुरवणारा एक म्हातारा खाटीक होता. लोक खिचडी खाऊन राहणारे. त्याचा धंदा बेताचाच. आणि हे मूठभर पाहुणे महिन्याभरात इतकं मटण खाऊन गेले, की गेल्या कित्येक वर्षांत त्याचं तेवढं खपलं नव्हतं. तेव्हा तो म्हातारा एवढा गड चढून फक्त ह्या गिऱ्हाइकांचं तोंड बघायला वर आला. राज्याभिषेकाला कोण कोण आलं याच्या याद्या इतिहासात आहेत. मला मात्र त्या सगळ्या दिमाखात तो धापा टाकत उभा राहिलेला, कौतुकाने टक लावून बघणारा म्हातारा दिसतो. दोन खंडांच्या व्यापाराचा शुद्ध, निखळ आनंद फक्त त्यालाच झाला असावा.

मी खाली बसलो आणि पडद्यातून आवाज आला. ‘त्या खाटकाचं नाव काय होतं?’ बाई! त्या थिजल्या होत्या त्या फक्त आमच्या बाजूने. त्यांच्या बाजूला आम्ही हलत होतो, बोलत होतो आणि मुंबईतले एक प्राध्यापक त्यांना माझी गोष्ट इंग्रजीत सांगत होते. म्हणजे मुखवटा ऐकत होता. मला एकदम गौरीपुढे लहानपणी बोललेल्या नाही नाही त्या गोष्टी आठवून कानकोंडं झालं. नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही, मी म्हणालो. ‘खाटकाचं कुणी लिहीत नाही,’ असं काहीसं बाई म्हणाल्या आणि त्यांनी वहीत पुन्हा काहीतरी लिहिलं.

नाण्याचा विषय निघालाच होता, म्हणून त्यांनी युरोच्या नोटा दाखवल्या. १ जानेवारी २००२ रोजी त्या लोकांच्या हातात आल्या. रॉबर्ट कालिना या ऑस्ट्रियाच्या चित्रकाराने काढलेल्या त्या नोटांवर एका बाजूला खिडक्या-दारं आणि दुसऱ्या बाजूला पूल आहेत, आणि त्यांतला एकही पूल कुठे बांधलेला नाही. एका देशाचा खरा पूल घेतला तर दुसऱ्याला राग येईल, म्हणून सगळे पूल मनातले. मागच्या बाकावरून एक मुलगी उभी राहिली. पोलादपूरची. मराठीतच म्हणाली, ‘मॅडम, पण पूल खोटे का काढायचे? कुणाचा तरी एक खरा काढायचा की.’ भाषांतर झालं. बाई हसल्या. म्हणाल्या, नेदरलँड्समध्ये स्पाइकनिसे नावाचं एक गाव आहे, त्या गावालाही असंच वाटलं. मग त्यांनी नोटांवरचे सातही पूल आपल्याकडे काँक्रीटचे, नोटांच्याच रंगांचे, खरेखुरे बांधून टाकले. माणसं त्यावरून सायकली घेऊन जातात.

मुलगी बसली. सभागृहात मात्र थोडी शांतता पसरली आणि तिचं कारण बाईंना कळण्यासारखं नव्हतं. ब्रिटनने निघून जायचं ठरवल्याला सहा आठवडेही झाले नव्हते तेव्हाची गोष्ट. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र. आमचा सावित्रीवरचा ब्रिटिश काळातला दगडी पूल त्या पुरात गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली अशा दोन एसटी गाड्या आणि एक चारचाकी, माणसांसकट. कोकणातल्या प्रत्येक जुन्या पुलाबद्दल एक आख्यायिका असते. बांधणाऱ्या साहेबाच्या कचेरीतून विलायतेहून पत्र येतं, ‘आमच्या पुलाचं वय झालं, आता जपा’. ही आख्यायिका मी आवडीने सांगत असे. त्या रात्रीनंतर कित्येक दिवस सांगितली नाही. पुढे १६५ दिवसांत नवा पूल उभा राहिला, जून २०१७ मध्ये वाहतूक सुरू झाली, आणि आता लोक त्यावरून जाताना फोनवर बोलत असतात. तरी अजून पावसात एसटी त्या पुलावर आली की गाडीतल्या बायका क्षणभर बोलणं थांबवतात. खिडकीकडे कुणी बघत नाही. गाडी पलीकडे लागली की अर्धं राहिलेलं वाक्य पुरं होतं.

शेवटी सीमांचा विषय आला. १४ जून १९८५ रोजी शेंगेन नावाच्या गावापाशी, मोझेल नदीत नांगरलेल्या एका बोटीवर पाच देशांनी सही केली आणि हळूहळू सीमेवरची तपासणी नाहीशी झाली. एका देशातली आजी सकाळी उठून दुसऱ्या देशात पाव आणायला जाते, बाई म्हणाल्या. आभारप्रदर्शन झालं. व्हरांड्यात चहा आणि वडे होते. तलाठीभाऊ वडा खात म्हणाले, ‘बोटीवर बसून सही करायची कल्पना बरी आहे. उठून कुणाला जाता येत नाही.’

मी हसलो, पण माझ्या डोक्यात दुसरी बोट आली होती. २४ डिसेंबर १९२७ला मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघालेले डॉ. आंबेडकर दुसऱ्या दिवशी दासगाव बंदरात उतरले आणि तिथून चालत महाडला आले. त्याच दिवशीच्या भाषणात त्यांनी या आमच्या आडगावच्या परिषदेची तुलना १७८९ साली फ्रान्समध्ये व्हर्सायला भरलेल्या सभेशी केली. मंडपाला जागा द्यायला गावात कुणी तयार नव्हतं. फत्तेखान नावाच्या गृहस्थांनी आपली दिली. त्या मंडपात उन्हातान्हातून आलेली माणसं जमिनीवर बसून व्हर्सायची गोष्ट ऐकत होती. तार नाही, पडदा नाही. बोलणाऱ्याच्या आवाजाखेरीज दुसरं साधन नाही, आणि एकाच वेळी दोन गावं एकमेकांना दिसत होती. त्याच वर्षी २० मार्चला त्यांनी चवदार तळ्यातलं ओंजळभर पाणी प्यायलं होतं. आमच्या गावाने मग गोमय-गोमूत्राच्या घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ करून घेतलं. ते पाणी सगळ्यांचं आहे, हे कोर्टात ठरायला १९३७चा मार्च उजाडला. दहा वर्षं. या सभागृहातून ते तळं चालत फार लांब नाही. ब्रसेल्स तर त्या दुपारी वीस मिनिटांत जोडून झालं होतं, वायरींच्या गुंत्यासकट. ‘आवाज येतोय का?’ असं तळ्यापासून दूर ठेवलेल्या माणसांनी आमच्या गावाला किती पिढ्या विचारलं असेल, आणि आम्ही ऐकू येत असून कशी ओ दिली नाही, हे मी शाळेत शिकवलं का? शिकवलं. तारीख, वार, कारणे, परिणाम. पाच गुणांना येत असे.

पाऊस थांबला होता. मुलं पोलादपूरच्या गाडीसाठी स्टँडकडे पळाली. त्या मघाच्या मुलीने जाताजाता मला वाकून नमस्कार केला आणि विचारलं, ‘सर, खाटकाचं पुस्तक कुठं मिळेल?’ पस्तीस वर्षांत मला इतका चांगला प्रश्न कोणी विचारला नव्हता, म्हणून मी गोंधळून तिला घरी यायला सांगितलं आणि रस्त्याला लागलो. नाक्यापर्यंत गेल्यावर कळलं की छत्री राहिली.

परत आलो तेव्हा सभागृहात फक्त मामा होते. खुर्च्या एकावर एक रचून झाल्या होत्या आणि ते केर काढत होते. पांढरा पडदा अजून उजळलेला होता. मुंबईची चौकट काळी झाली होती. पण बाई तिथेच होत्या. निघायचं बटण कुठेसं हरवलं असावं. चष्मा कपाळावर ढकलून त्या पडद्याच्या इतक्या जवळ आल्या होत्या की त्यांच्या एका डोळ्याने निम्मा राजवाडा झाकला होता. मागे खिडकीतल्या कुंडीवर तिकडचं दुपारचं ऊन पडलं होतं. इकडेतिकडे बघत, आपलं कुणी ऐकत नाही अशा आवाजात त्या म्हणाल्या, ‘हॅलो?’

मामांनी केरसुणी थांबवली. पडद्याकडे बघितलं. बाई पुन्हा म्हणाल्या, ‘हॅलो?’ मामा तसेच वाकून उभे. मामा पोलादपूरच्याही वरच्या अंगाचे, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मीही दाराशी छत्री हातात धरून श्वास रोखून थांबलो.

‘हॅलोऽ?’ तिसऱ्यांदा.

‘ओऽऽ,’ मामा म्हणाले.

मग त्यांनी हात झटकले आणि मला विचारलं, ‘सर, हिला बंद कसं करायचं असतं?’ मलाही ते येत नव्हतं. आम्ही दोघं पडद्यासमोर दोन खुर्च्या पुन्हा मांडून बसलो.